हाकेला ओ : साष्टीतल्या क्रुसांचा एक मागोवा

मराठी बायबलमध्ये ‘पाचारण’ हा एक भारदस्त शब्द आहे. देवाने माणसाला बोलावणे, असा त्याचा अर्थ. चर्चमध्ये मात्र हा शब्द कानावर पडला की ऐकणाऱ्याच्या मनात एकच चित्र उभे राहते : कुणाचा तरी मुलगा सेमिनरीत चालला आहे, कुणाची तरी मुलगी कॉन्व्हेंटमध्ये. १९६४ सालापासून कॅथलिक चर्च वर्षातला एक रविवार पाचारणासाठी प्रार्थनेचा म्हणून पाळते. त्या दिवशी आमच्या उपनगरांतल्या चर्चमध्येही तरुणांना विचारले जाते, तुमच्यापैकी कोण पुढे येणार? बाकीची मंडळी, म्हणजे संसारी, नोकरदार, मासळी विकणाऱ्या, रिक्षा चालवणारे, हा प्रश्न आपल्याला नाही असे समजून बाकावर निवांत बसतात.

रोजच्या मराठीत आपण पाचारण म्हणत नाही, हाक म्हणतो. आणि हाकेला उत्तर देत नाही, ओ देतो. ‘ओ’ या एका अक्षराची गंमत अशी की ती त्याच घटकेला द्यावी लागते. तासाभराने दिलेली ओ ही ओ राहत नाही. जुन्या करारातला लहान शमुवेल रात्री हाक ऐकून तीनदा म्हाताऱ्या एलीकडे धावत गेला. हाक कुणाची हे त्याला कळले नव्हते, तरी उठून जायला तो चुकला नाही. पंच्याण्णवाव्या स्तोत्रात देवाचा आवाज ऐकण्याचा जो दिवस सांगितला आहे तोही ‘आज’ आहे. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या नान्सीच्या मठवासिनींना उपदेश करणारे जेझुइट फादर जाँ-पिएर द कोसाद यांच्या नावावर १८६१ मध्ये एक पुस्तक छापले गेले. हे लिखाण खरोखर त्यांचेच का, यावर अभ्यासकांचा वाद आहे, पण त्यातली एक कल्पना जगभर पसरली : चालू क्षण हाच एक साक्रामेंत आहे. देव उद्या भेटणार नाही, आता हातात जे काम पडले आहे त्यातच तो बोलावतो आहे.

हे सगळे धर्मशास्त्र झाले. माझा प्रश्न इतिहासाचा आहे. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतच्या आमच्या टापूत ख्रिस्ती वस्ती जवळपास पावणेपाचशे वर्षांची आहे. या लोकांनी ‘आज’ची हाक ऐकली असेल तर तिचा काही माग सापडतो का? अडचण उघड आहे. कागदपत्रांना हाक ऐकू येत नाही, फार तर ओ ऐकू येते. ज्यांनी आपल्याला हाक आली असे मोठ्याने सांगितले त्यांची पत्रे आणि बखरी उरल्या. ज्यांनी नुसतीच ओ दिली त्यांचे उरले ते चुन्यात आणि दगडात.

थोडा भूगोल आधी सांगायला हवा, कारण साष्टी दोन आहेत आणि अभ्यासकही कधीकधी त्यांची गल्लत करतात. गोव्यात मडगावच्या आसपासची एक साष्टी. फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले ते तिथे. ते पहिल्यांदा छापून निघाले १६१६ मध्ये. दुसरी साष्टी आमची, ठाणे आणि वांद्र्याच्या मधले मोठे बेट. दोन्ही नावे सहासष्ट गावांवरून आली असे सांगतात. आज जिथे अंधेरी, मरोळ, मालाड, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही स्टेशने आणि नाकी आहेत ते सगळे या दुसऱ्या साष्टीत मोडते. इथल्या कोळी, कुणबी, भंडारी आणि इतर कुळांतून जे ख्रिस्ती झाले त्यांचे वंशज १८८७ पासून स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवतात. नाव इंग्रजी असले तरी घरातली बोली मराठीच आहे.

सुरुवात बोरिवलीच्या मंडपेश्वरापासून करतो, कारण हाक या गोष्टीविषयी सावध व्हायचे असेल तर तिथे जावे. आठव्या शतकाच्या आसपास खोदलेले हे शिवाचे लेणे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्सिस्कन संन्यासी आंतोनियो द पोर्तो याने त्याचे चर्च केले, आणि वर टेकडीवर मुलांसाठी विद्यालय उभारले. त्याच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. लेण्याच्या बाजूच्या दगडात क्रूस कोरलेला दिसतो. हा पोर्तो ढोंगी नव्हता, असे माझे मत आहे. अनाथ पोरांना त्याने जवळ केले, शिकवले. आपण देवाच्या बोलावण्यावरून आलो आहोत याविषयी त्याला तिळमात्र शंका नसावी. पण त्याच्याच पंथाच्या बखरकारांनी त्याचे कौतुक करताना किती देवळे पाडली याचा आकडाही अभिमानाने नोंदवला. समोर कुणीतरी आधीच प्रार्थना करत बसले आहे, ही गोष्ट त्याला दिसली नाही. तो ज्या हाकेवर निघाला ती लिस्बनहून निघतानाच पूर्ण ऐकून झाली होती. साष्टीत आल्यावर नवे काही ऐकण्याजोगे उरले नव्हते. मी स्वतः ख्रिस्ती आहे, आणि त्या लेण्यात उभे राहिल्यावर मला हे लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही.

याच फ्रान्सिस्कन पंथात पुढे वसईचा एक माणूस गेला, त्याची गोष्ट अगदी वेगळी आहे. गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइटांच्या शाळेत शिकला, कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला आणि आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून राबला. संघात प्रवेश द्या म्हणून तो मागत राहिला. तो मिळाला नाही. मग त्याने व्यापार केला, पैसा केला. शेवटी मनिलाला फ्रान्सिस्कनांनी त्याला ब्रदर म्हणून घेतले, तेही त्याला जपानी उत्तम येत होती म्हणून. दुभाषा होऊन तो परत जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. वसईत त्याच्या हौतात्म्याविषयी खूप बोलले जाते. मला त्याची मधली व्यापाराची वर्षे जास्त मोलाची वाटतात. दार बंद झालेल्या माणसाने त्या वर्षांत जपानी भाषा विसरू दिली नाही.

१७३७ मध्ये साष्टी मराठ्यांकडे आली आणि १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला पडला. युरोपीय संन्यासी गेले. मंडपेश्वरात पुन्हा शिव आला. मागे राहिले ते गोव्याचे देशी पाद्री, तेही थोडे, आणि गावोगावचे ख्रिस्ती. राज्याचा आधार गेल्यावर हे लोक धर्म सोडून देतील असा अंदाज कुणी केला असता तर तो चूक ठरला असता. सण, माळ, बाप्तिस्मा चालू राहिले. या काळाविषयी आमच्या लोकांनी फारसे लिहिले नाही. मला वाटते, साष्टीतला ख्रिस्ती धर्म खऱ्या अर्थाने इथला झाला तो याच वर्षांत, कारण आता ओ देणारे फक्त इथलेच होते.

यानंतरचा मोठा खूणदगड अंधेरीचा आहे. सीप्झमध्ये काम करणाऱ्या हजारो माणसांना ठाऊक नसते की काचेच्या इमारतींच्या गराड्यात एक चर्च पडले आहे. कोंदिविटे गावचे, योहान बाप्तिस्त याच्या नावाचे हे चर्च जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधले. छप्पर नाही. भिंती आणि दर्शनी बाजू शाबूत आहे. १८४० मध्ये गावात मोठी साथ आली आणि लोक गाव सोडून मरोळला गेले. जाताना त्यांनी चर्चही बरोबर नेले म्हणायला हरकत नाही : वेद्या, खांब, मूर्ती, आणि बाप्तिस्म्याचे दगडी कुंड. मरोळच्या चर्चमध्ये हे आजही आहे. १९७३ मध्ये जुन्या चर्चभोवती सीप्झ उभे राहिले, आणि आता मे महिन्यात एकदा तिथे मिस्सा होते.

साथीत गाव सोडणे म्हणजे पळणे, असे कुणी म्हणेल. त्या कुंडाकडे पाहून मला तसे वाटत नाही. दगडी कुंड ही पळणाऱ्याने उचलायची वस्तू नव्हे. पळणारा सोने उचलतो, भांडी उचलतो. कुंड नेणाऱ्याच्या डोक्यात अजून न जन्मलेली पोरे असतात. ज्यांच्या घरात त्या वर्षी मयते झाली होती अशा माणसांनी ते वाहून नेले.

आता मूळ विषयाकडे. आमच्या गावठाणांतून हिंडताना, आंबोली घ्या, चकाला घ्या, मरोळ, सहार, विलेपार्ल्याचा बामणवाडा, पुढे मालाड-ओर्लेम, गोराई, दर वळणावर एक क्रूस भेटतो. कुणी लाद्या लावल्या आहेत, कुणी वर पत्रा घातला आहे. चौथऱ्यावर बहुतेक वेळा एखाद्या कुटुंबाचे नाव आणि साल. लोक सरसकट यांना ‘प्लेगचे क्रूस’ म्हणतात. ते बरोबर नाही. काही क्रूस प्लेगच्या आधीचे आहेत, काही नवसाचे, काही गावाच्या शिवेवरचे, काही कुणाच्या आठवणीचे. साल वाचल्याशिवाय बोलू नये. पण १८९६ नंतरच्या दहाएक वर्षांची साले इतक्या क्रुसांवर सापडतात की त्या दशकात काहीतरी घडले हे कुणालाही कळावे.

घडले ते असे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाचे रोगी पाहून डॉ. अकासियो गाब्रियेल व्हिएगश यांनी हा प्लेग आहे असे निदान केले. हे गोव्याच्या हडफड्याचे ख्रिस्ती डॉक्टर. व्यापाराच्या शहरात प्लेग हा शब्द उच्चारणे परवडणारे नव्हते, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवायला पुष्कळ लोक तयार नव्हते. तरी ते मागे हटले नाहीत. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी लस तयार करून ती आधी स्वतःला टोचून घेतली, आणि पुढे व्हिएगशांनी हजारो लोकांना लस टोचली. धोबी तलावाला त्यांचा पुतळा आहे. डॉक्टरांनी हे देवाची हाक समजून केले का, यावर मी काही बोलणार नाही. रोगी समोर होता आणि त्याच्या रोगाचे खरे नाव घेण्याची घटका आली होती, एवढे मात्र दिसते.

१८९७ च्या सुरुवातीला शहरातली जवळजवळ निम्मी माणसे बाहेर पडली. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सुमारे ८ लाख २२ हजार होती, १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आली. एवढ्या वाढत्या शहराची वस्ती दहा वर्षांत घटावी, यावरून कल्पना करावी. पळालेल्यांपैकी कितीतरी आगगाडीने साष्टीत उतरले, आणि त्यांच्यामागून प्लेगही उतरला. साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला. घरांची झडती, रोग्याला ओढून नेणे, घरच्यांना वेगळे ठेवणे. लोक आजारी माणूस लपवू लागले. घरातून नेलेला परत येत नाही, हा अनुभव होता.

अशा वेळी गावठाणातल्या माणसाने काय करायचे? चर्च लांब, आणि साथीत तिथे जमणे अवघड. मग गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभा राहिला आणि संध्याकाळची माळ तिथे सुरू झाली. शेवटी लादाईन म्हणायची, संत सेबास्तियन आणि संत रोक या साथीच्या संतांचा धावा करायचा, आणि घरी जायचे. ही भीतीपोटी केलेली गोष्ट होती का? होती. भीतीत हाक ऐकू येत नाही असे थोडेच आहे? क्रूस गावाला राखील, ही समजूत त्यात नक्की होती, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पण या प्रथेची दुसरी एक बाजू मला हे क्रूस पाहताना हळूहळू उमगली. गल्लीतली पंधरा-वीस घरे रोज एकाच वेळी एका चौथऱ्यापाशी जमत असतील तर आज कोण आले नाही हे पहिल्या ‘नमो मारिया’पर्यंत सगळ्यांना कळते. काल मागे उभा असलेला माणूस आज दिसत नाही. माळ संपल्यावर कुणीतरी त्याच्या दाराशी जाणारच. जिथे लोक आजार लपवत होते, दार लावून घेत होते, तिथे ही रोजची हजेरी केवढी मोठी गोष्ट होती! दारापर्यंत जायचे की सरळ आपल्या घरी वळायचे, हा प्रश्न दर संध्याकाळी नव्याने पडत असणार. काही वळलेही असतील. मी त्यांना दोष देत नाही. मरोळच्या एका आजींनी मला त्यांच्या सासूकडून ऐकलेले सांगितले, की क्रुसापाशी उभे राहताना प्रत्येक घराची जागा ठरलेली असे. जागा रिकामी दिसली की पेज कुणाकडून जायची तेही ठरलेले असे. घरोघरच्या आठवणींना मी पुरावा म्हणत नाही, पण ही आठवण चौथऱ्यांच्या मांडणीशी जुळते. बहुतेक क्रूस असे आहेत की तिथून गल्लीतली जवळपास सगळी दारे दिसतात.

वैद्यकाच्या अंगाने पाहिले तर आणखी एक गोष्ट निघते. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिले की प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो. पुढे मुंबईतल्या प्लेग कमिशनच्या कामाने ते पक्के झाले. म्हणजे कोंदट घरात, धान्याच्या कणग्यांपाशी बसून प्रार्थना करण्यापेक्षा उघड्यावर जमणे त्या मानाने बरे होते. हे त्यांना माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे शेतात झोपड्या घालून राहण्याची रीत महाराष्ट्रभर पडली, तीही याच कारणाने लागू पडली.

साष्टीतच ही ओ दिली गेली असे समजणे संकुचितपणा होईल. त्याच हिवाळ्यात पंडिता रमाबाई दुष्काळात सापडलेल्या मुली आणायला मध्य प्रांतात गेल्या. पुण्याला त्या मुलींना घेऊन आल्या तर प्लेगच्या नियमांमुळे शहरात ठेवायची सोय नाही. त्यांनी मुलींना केडगावच्या शेतावर नेले. मुक्ती मिशनची सुरुवात अशी तात्पुरत्या निवाऱ्यातून झाली. योजना होती पुण्यातल्या शारदा सदनाची, आणि घडले ते केडगाव. आणि मार्च १८९७ मध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या. त्यांच्या ओ-ला कोणत्याही चर्चच्या शिक्क्याची गरज नाही, आणि ख्रिस्ती वाचकाने त्यांच्यापुढे जरा गप्प उभे राहावे.

चर्चच्या अधिकृत शिकवणीत ही गोष्ट स्पष्टपणे यायला बराच काळ गेला. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने चर्चविषयीचा जो मोठा दस्तऐवज जाहीर केला त्यात एक अख्खे प्रकरण याच विषयाला दिले आहे, की पवित्रतेचे पाचारण सगळ्यांना आहे, पाद्र्यांना आणि संसारी माणसांना सारखेच. तो जाहीर करून अकरा दिवसांनी पोप पॉल सहावे मुंबईत उतरले, युखरिस्त काँग्रेससाठी. त्यांना पाहायला ओव्हलवर लोटलेल्या गर्दीत आमच्या गावठाणांतले लोक होतेच. त्यांच्या आजे-पणज्यांनी गल्लीच्या तोंडाशी काय केले होते याला आता लॅटिनमध्ये शब्द मिळाले होते. ते किती जणांपर्यंत पोचले हा भाग निराळा. रविवारच्या प्रवचनात अजूनही पाचारण म्हटले की सेमिनरीच समोर येते.

शेवटी अंधेरीचीच एक हकिकत, कारण ती मराठीत फारशी कुणी लिहिलेली नाही. अंधेरीला वीरा देसाई रोडवर सेंट कॅथरिन्स होम हा अनाथाश्रम आहे. बेल्जियममधल्या लिएज शहरात १८३३ मध्ये सुरू झालेल्या ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या सिस्टरांच्या संघाने तो चालवला. तिथे जर्मन सिस्टर अ‍ॅना हुबर्टा रोगेनडॉर्फ होत्या. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत टोपलीत, पायरीवर, स्टेशनच्या बाकावर सोडलेली मुले येत राहत आणि आश्रमाचा खर्च भागत नसे. जर्मनीतल्या बॉनमध्ये रोझी गोलमान नावाच्या धर्मशिक्षिकेला या मुलांविषयी कळले. तिने आपल्या विद्यार्थ्यांना सांगितले आणि मदत गोळा होऊ लागली. सुरुवातीला एवढेच, की तिथे या महिन्याला पोरांना जेवायला हवे आहे. १९६७ मध्ये त्यातून ‘अंधेरी हिल्फे’ नावाची संस्था झाली. हिल्फे म्हणजे मदत. बॉन शहरात आमच्या उपनगराच्या नावाची पाटी लागली.

या बाईंविषयी मला आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीसाठी. मुले सोडली का जातात हे पाहायला ही मंडळी खेड्यांकडे वळली, आणि अनाथाश्रम चालवण्यापेक्षा आईला आपले मूल जवळ ठेवता यावे यासाठी काम करू लागली. शेजारच्या बांगलादेशात त्यांनी अंधत्व दूर करण्याचे मोठे काम उभे केले. पोर्तोलाही अनाथ पोरे दिसली होती. पण त्याने ठरवलेली वाट बदलली नाही. बॉनच्या शिक्षिकेने दर काही वर्षांनी पुन्हा कान दिला आणि आधीची वाट मोडून दुसरी धरली.

मे महिन्यात गावठाणांतल्या क्रुसांना अजून चुना लागतो, झेंडूच्या माळा चढतात, आणि संध्याकाळी माळ म्हणून झाल्यावर उकडलेले चणे वाटले जातात. गल्ल्या मात्र बदलल्या. चाळी आणि कौलारू घरे पाडून टॉवर होतात, रस्ता रुंद होतो तेव्हा क्रूस आधी मोजणीत येतो. एके ठिकाणी बिल्डरने तो पार्किंगच्या कोपऱ्यात हलवून नवा ग्रॅनाइटचा चौथरा केला आहे. काम चांगले झाले आहे, सालही नीट कोरून घेतले आहे. फक्त तिथून आता एकही दार दिसत नाही, लिफ्ट दिसते. तरी गेल्या मे महिन्यात मी गेलो तेव्हा सातव्या मजल्यावरच्या एका बाई माळ सुरू व्हायच्या आधी मोबाईलवर कुणाला तरी विचारत होत्या, पाचशे दोनमधले अंकल आज खाली का आले नाहीत.